घर-संसार आणि विज्ञान : गोळीच्या अंगावरचा पहारेकरी



आपल्या वस्तीतल्या कुठल्याही घरात जा. भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक फळी असते. त्या फळीवर म्हाताऱ्याचा चष्मा, रेशनकार्ड, विजेचे बिल आणि गोळ्यांच्या अर्ध्या-मुर्ध्या पट्ट्या एकत्र ठेवलेल्या असतात. पित्ताची गोळी, गुडघ्याची गोळी, रक्तदाबाची गोळी! घामाच्या पैशातून आणलेले हे औषध आपण जपून वापरतो. किती वाजता घ्यायची, जेवणाआधी की जेवणानंतर, एवढे आपण विचारून घेतो. पण ही गोळी फोडली तर चालते का, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

घरातल्या वयस्कर माणसाला गोळी गिळवत नाही. मग सून किंवा नातू चमच्याखाली गोळी दाबून तिचा चुरा करतो आणि मधातून किंवा दुधातून देतो. यात माया असते, हयगय नसते. तरीही काही गोळ्यांच्या बाबतीत या मायेने औषध वाया जाते आणि कधी कधी अपायही होतो. कारण त्या गोळीच्या अंगावर एक पातळ कवच असते आणि त्या कवचाला एक विलक्षण गुण असतो. आपण आंबट जागेत आहोत की नाही, हे त्याला कळते! आंबट जागेत ते घट्ट मिटून राहते आणि आंबटपणा कमी झाला की उघडते. हे कसे घडते आणि आपल्या घराशी त्याचा काय संबंध आहे, ते आज पाहू. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून. त्यामुळे मला स्वतःला समजेल अशाच भाषेत लिहितो.

हळदीचा डाग काय सांगतो?

आंबट ओळखणारा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या आहे. तो म्हणजे हळद. पांढऱ्या सदऱ्यावर कालवणाचा पिवळा डाग पडला आणि आपण त्यावर कपड्याचा साबण घासला की डाग एकदम लाल होतो. भगिनींना हे नवीन नाही. त्याच लाल डागावर लिंबू पिळले तर तो पुन्हा पिवळा होतो. हळदीतला रंग आंबट पदार्थात पिवळा राहतो आणि साबण, सोडा, चुना यांच्या संगतीत लाल होतो. शाळेच्या पुस्तकात आंबट बाजूला आम्ल म्हणतात आणि सोड्या-चुन्याच्या बाजूला आम्लारी म्हणतात.

पूर्वी घरोघरी हळदीत चुना घालून कुंकू करीत, त्यामागे हीच क्रिया होती. आणि भोंदूबाबाचे लिंबू कापल्यावर जे 'रक्त' निघते, त्यामागेही याच जातीची क्रिया असते. सुरीच्या पात्याला जास्वंदीच्या फुलाचा रस लावून वाळवून ठेवायचा. लिंबू कापले की लिंबाच्या आम्लाने तो रस लालभडक होतो. बघणारा घाबरतो आणि खिसा मोकळा करतो. करणी-भानामतीच्या नावाखाली अशी लूट करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला. पण कायद्याच्या आधी आपल्या डोळ्यांना हे कारण दिसले पाहिजे.

शाळेत लिटमसचा कागद असतो. तो आम्लात तांबडा होतो आणि आम्लारीत निळा. या कागदाला आम्ल कळते, पण माणसाची जात कळत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि त्यांच्या मागोमाग हजारो बांधव प्याले. त्यानंतर तळे 'बाटले' म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेली १०८ मडकी त्यात ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने पाण्यात काही बदलत नाही आणि शेण ओतल्याने मात्र बदलते, ही गोष्ट लिटमसच्या कागदालाही कळते. ती त्या वेळच्या पंडितांना कळली नाही!

आंबटपणा मोजायची पट्टी

कापड मोजायला मीटर लागतो, धान्य मोजायला किलो लागतो. तसे आंबटपणा मोजायला एक माप आहे. त्याला पीएच म्हणतात. १९०९ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने हे माप काढले. ते ज्या प्रयोगशाळेत काम करीत, ती एका बिअरच्या कारखान्याची होती. आपण पंचशील पाळणारे लोक. पण दारूच्या कारखान्यातून निघालेली एवढी एक गोष्ट घरात आणायला हरकत नाही!

या मापात शुद्ध पाणी ७ वर असते. ७ च्या खाली आम्ल, ७ च्या वर आम्लारी. लिंबाचा रस साधारण २ वर असतो, दूध साडेसहाच्या आसपास, कपड्याचा साबण ९-१० च्या घरात. मात्र हा हिशेब साध्या बेरजेचा नाही. एक पायरी खाली उतरले की आंबटपणा दहा पटीने वाढतो, दोन पायऱ्या उतरले की शंभर पटीने.

आता आपल्या पोटात या. उपाशीपोटी जठरातला रस साधारण १ ते ३ या पायऱ्यांवर असतो, म्हणजे लिंबाच्या तोडीचा किंवा त्याहूनही आंबट. अन्न तिथून पुढे लहान आतड्यात गेले की हा आंबटपणा झपाट्याने कमी होतो आणि माप साडेपाच ते साडेसातच्या दरम्यान येते. जठरात दीड आणि आतड्यात साडेसहा धरले तर मध्ये पाच पायऱ्या झाल्या. पाच पायऱ्या म्हणजे एक लाख पटीचा फरक! काही वितींच्या अंतरावर एक लाख पटीने बदलणारी ही हद्द आपल्या प्रत्येकाच्या पोटात आहे. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या, ब्राह्मणाच्या आणि बौद्धाच्या पोटात ती सारखीच आहे.

औषध बनवणाऱ्यांनी नेमका याच हद्दीचा उपयोग करून घेतला. हद्दीच्या अलीकडे बंद राहील आणि पलीकडे गेल्यावर उघडेल, असे कवच त्यांनी शोधले.

केस, लाख आणि कापूस

हा शोध एका दिवसात लागला नाही. १८८४ साली जर्मनीतील हॅम्बर्ग शहरातले त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी गोळ्यांना केराटिनचा थर दिला. केराटिन म्हणजे आपले केस, नखे आणि जनावरांची शिंगे ज्या द्रव्याची बनलेली असतात ते. जठरात ते विरघळत नाही आणि आतड्यात सुटेल, अशी कल्पना होती. कल्पना चांगली होती, पण तो थर भरवशाचा ठरला नाही.

दुसरी वस्तू आपल्याच देशातली. ती म्हणजे लाख. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे बसतात आणि अंगातून राळेसारखे द्रव्य सोडतात, तीच लाख. बांगड्या, मोहोर, लाकडाचे पॉलिश यासाठी ती वापरतात. झारखंड, छत्तीसगडमधले आणि आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातले आदिवासी बांधव ही लाख गोळा करतात. रांचीजवळ नामकुम येथे लाखेवरील संशोधनासाठी १९२४ पासून संस्था आहे. लाखेचा गुण असा की ती पोटातल्या आम्लाला दाद देत नाही, मात्र आम्लारी बाजूला विरघळते. म्हणून गोळ्यांना शुद्ध केलेल्या लाखेचा थर देण्याची पद्धत पडली. तिच्यात उणिवाही होत्या. ती जुनी झाली की अधिक कडक होते आणि मग वेळेवर सुटत नाही. तरीही जंगलातल्या मजुराने खरवडलेली लाख जगभरच्या रोग्यांच्या उपयोगी पडली, ही गोष्ट आपण विसरू नये.

तिसरी वस्तू कापूस. ज्या कापसावर मुंबईच्या गिरण्या चालल्या आणि आपल्या बापजाद्यांनी ज्याच्या धुळीत छातीचे खोके करून घेतले, त्या कापसाचा तंतू सेल्युलोज नावाच्या द्रव्याचा असतो. लाकडातही ते असते. या सेल्युलोजवर रासायनिक क्रिया करून १९४० च्या सुमारास एक नवे कवच तयार झाले. ते लाखेपेक्षा अधिक भरवशाचे होते. पुढे १९५० च्या दशकात जर्मनीतील डार्मस्टाट येथील कंपनीने पूर्णपणे कारखान्यात बनणारी कवचे आणली. त्यांतली काही साडेपाचच्या मापाला उघडतात, काही सहाला, तर काही सातच्या पुढेच. म्हणजे औषध लहान आतड्याच्या सुरुवातीला सोडायचे की थेट मोठ्या आतड्याजवळ, हेही ठरवता येऊ लागले. मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडतात, त्या रोगावरच्या काही गोळ्यांना सातच्या मापाला उघडणारे कवच असते.

साखळीचे हात कसे सुटतात?

या सगळ्या कवचांना शास्त्रात पॉलिमर म्हणतात. मराठी शाळेच्या पुस्तकात त्यांना बहुवारिके असा शब्द आहे. एकाच घडणीचे लहान लहान कण एकापुढे एक जोडत गेले की जी लांबलचक साखळी तयार होते, ती पॉलिमर. सुती धागा, प्लॅस्टिकची पिशवी, सायकलच्या टायरचे रबर या सगळ्या अशाच साखळ्या आहेत.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जे गेले आहेत, त्यांना मी सांगतो ते चटकन समजेल. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक गर्दी आवरण्यासाठी हातात हात घालून ओळीने उभे राहतात. हात जोडलेले आहेत तोपर्यंत ओळीतून कोणी आत जाऊ शकत नाही. इशारा झाला की हात सुटतात, माणसे एकमेकांपासून दूर सरकतात आणि वाट मोकळी होते.

गोळीच्या कवचातल्या साखळीला असेच हजारो लहान हात असतात. ते हात आम्लाच्या जातीचे असतात. प्रत्येक हाताच्या मुठीत हायड्रोजनचा एक कण असतो. जठरात आम्ल, म्हणजे हायड्रोजनच्या सुट्या कणांची रेलचेल असल्यामुळे ती मूठ सुटत नाही. मूठ मिटलेली असली की साखळ्या एकमेकींना बिलगून राहतात आणि पाण्याला आत शिरू देत नाहीत. गोळी आतड्यात पोचली की आंबटपणा कमी होतो आणि मुठीतला हायड्रोजन सुटून जातो. तो गेल्यावर त्या जागी ऋण विद्युतभार उरतो. सारखे विद्युतभार एकमेकांना ढकलतात. त्यामुळे साखळ्या फाकतात, मध्ये पाणी शिरते, कवच फुगते आणि विरघळून जाते. मग आतले औषध बाहेर पडते.

याच्या उलट स्वभावाची कवचेही आहेत. तोंडातल्या लाळेचे माप पाण्याच्या जवळपास असते. तिथे ती बंद राहतात आणि जठराच्या आम्लात मात्र चटकन विरघळतात. कडू औषधाची चव जिभेला लागू नये म्हणून ती वापरतात.

इथे देव नाही, मंत्र नाही, चमत्कारही नाही. कारण हजर झाले की परिणाम घडतो आणि कारण दूर झाले की परिणाम थांबतो. तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी कार्यकारणभाव सांगितला. त्याचे एक बारीक उदाहरण रोज आपल्या पोटात घडते आहे.

चुरा केला तर काय होते?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. ही कवचे दोन कारणांसाठी असतात. पहिले कारण, औषधाचे जठरापासून रक्षण. दुसरे कारण, जठराचे औषधापासून रक्षण.

पहिल्या प्रकारात आपल्या सर्वांच्या ओळखीच्या पित्ताच्या गोळ्या येतात. ओमेप्रझोल आणि पॅन्टोप्रझोल ही त्यांची नावे पट्टीवर वाचायला मिळतील. गंमत अशी की ॲसिड कमी करणारे हे औषध स्वतः ॲसिडमध्ये टिकत नाही! उघडे जठरात पडले तर ते तिथेच नासते. त्याने कवचात बसून जठर ओलांडायचे, आतड्यात उतरायचे, तिथून रक्तात जायचे आणि रक्तातून मागच्या दाराने जठराच्या त्या पेशींपर्यंत पोचायचे, जिथे ॲसिड तयार होते. असा त्याचा प्रवास आहे. म्हणूनच डॉक्टर ही गोळी बहुधा जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात.

आमच्या वस्तीतल्या एका आजोबांची हकीकत सांगतो. त्यांना गिळायचा त्रास. नात शिकलेली, गुणी. ती रोज सकाळी त्यांच्या पित्ताच्या गोळीची पूड करून कोमट पाण्यातून द्यायची. महिना झाला तरी छातीतली जळजळ कमी होईना. आजोबा रात्र-रात्र उशी टेकून बसून काढीत. घरच्यांना वाटले, औषधच खोटे आहे. शेजारची एक बाई म्हणाली, कोणीतरी काही केले असेल, अंगारा आणा. मुलगा रोजंदारीवर, त्याने दुसऱ्या डॉक्टरची फी भरली आणि जादा ताकदीची गोळी लिहून आणली. तिचीही पूडच होत राहिली! शेवटी दवाखान्यातल्या एका परिचारिकेने विचारले, "आजोबांना गोळी देता कशी?" पूड करतो म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी गिळायला सोपा जाईल असा दुसरा प्रकार लिहून दिला आणि काही दिवसांत आजोबांना आडवे होऊन झोप लागू लागली. या घरात अज्ञान नव्हते, आळसही नव्हता. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, एवढेच. पण त्या न सांगण्याची किंमत एका मजुराच्या खिशाने आणि एका म्हाताऱ्याच्या झोपेने दिली.

दुसऱ्या प्रकारात जठराला झोंबणारी औषधे येतात. डायक्लोफेनॅकसारख्या अंगदुखीच्या गोळ्या आणि ॲस्पिरिन यांना बऱ्याचदा असे कवच असते. पोट साफ होण्यासाठी घेतात त्या बिसाकोडिलच्या गोळीलाही ते असते. ती दुधाबरोबर किंवा ॲसिडिटीच्या पातळ औषधाबरोबर घेऊ नका, असे सांगतात. त्याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल. दुधाने किंवा त्या औषधाने जठराचा आंबटपणा कमी होतो, कवचाला वाटते आतडे आले, आणि ते भलत्याच ठिकाणी उघडते. मग पोटात कळा येतात.

याला एक अपवाद आहे. हृदयविकाराच्या झटक्याचा संशय आला की डॉक्टर ॲस्पिरिन चावून खायला सांगतात. तिथे वेळ वाचवायचा असतो, म्हणून कवच मुद्दाम फोडायचे. पण हा निर्णय डॉक्टरांचा. तो आपण शेजाऱ्याच्या सल्ल्याने घ्यायचा नाही.

कवच म्हणजे चिलखत नव्हे

आपल्या समाजात ओझे उचलणारे, इमारतीवर काम करणारे, दिवसभर उभे राहून धुणे-भांडी करणाऱ्या भगिनी फार आहेत. संध्याकाळी कंबर धरते. मग मेडिकलमधून 'एक दुखण्याची गोळी द्या' म्हणून आणायची, घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचे. खाडा झाला तर पगार कापला जातो, हे मलाही ठाऊक आहे. पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गोळीला कवच आहे म्हणून पोट सुरक्षित आहे, असे समजू नका. या औषधांचा अपाय केवळ स्पर्शाने होत नाही. ती रक्तात गेल्यावर जठराच्या अस्तराला जपणारी द्रव्ये कमी करतात. म्हणून कवच असूनही जठरात व्रण पडू शकतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंडावरही ताण येतो. शौचास डांबरासारखे काळे झाले किंवा उलटीत रक्त आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दुखणे रोजचे असेल तर रोजची गोळी हा त्यावर इलाज नव्हे. डॉक्टरांना दाखवून कारण शोधले पाहिजे.

घरी करून पाहा

विज्ञान वाचून पटते, पण पाहून जास्त पटते. डॉक्टरांनी बंद केलेली किंवा मुदत संपलेली कवचाची गोळी घरात असेल तर मोठ्या माणसांनी मुलांना बरोबर घेऊन हा प्रयोग करावा. दोन काचेचे पेले घ्या. एकात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. दुसऱ्यात अर्धा पेला पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा. दोन्हींत एकेक गोळी टाका आणि अधूनमधून हलवत तास-दोन तास पाहा. आंबट पेल्यातली गोळी, वरचा रंग थोडा सुटला तरी, शाबूत राहील. सोड्याच्या पेल्यातली फुगेल, तडकेल आणि तिचा लगदा होईल. प्रयोगानंतर सगळे फेकून द्या, पेले नीट धुवा आणि लहान मुलांच्या हाती गोळ्या लागू देऊ नका.

कारखान्यातही याच तऱ्हेची परीक्षा घेतात. भारतीय औषधकोशाप्रमाणे अशी गोळी आधी दोन तास आम्लात ठेवतात. ती तिथे फुटता कामा नये. मग ६.८ मापाच्या द्रवात घालतात. तिथे ती फुटलीच पाहिजे.

फळीवर लिहून ठेवा

१) पट्टीवर इंग्रजीत एन्टेरिक कोटेड, गॅस्ट्रो-रेझिस्टंट, डिलेड रिलीज किंवा नुसती ईसी, डीआर ही अक्षरे असतील तर ती कवचाची गोळी. फोडू नये, चावू नये, पूड करू नये. भरपूर पाण्याबरोबर अख्खी गिळावी.

२) एसआर, ईआर, एक्सआर ही अक्षरे असतील तर ती हळूहळू औषध सोडणारी गोळी. तिचे तंत्र वेगळे असते, पण तीही आपल्या मनाने फोडू नये. फोडली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाऊ शकते.

३) प्रत्येक चकचकीत गोळी कवचाची नसते. काहींना नुसता साखरेचा किंवा रंगाचा थर असतो. म्हणून दिसण्यावर जाऊ नये, विचारावे.

४) कॅप्सूलमध्ये बारीक मणी असतील तर बहुधा प्रत्येक मण्याला कवच असते. ते चावू किंवा कुटू नयेत. कॅप्सूल उघडून देता येते का, हे औषध दुकानातल्या फार्मासिस्टला विचारावे.

५) ॲसिडिटीचे पातळ औषध आणि कवचाची गोळी एकाच वेळी घेऊ नये. किती वेळाचे अंतर ठेवायचे, ते विचारून घ्यावे.

६) गिळता येत नसेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. पातळ औषध, विरघळणारी गोळी किंवा दुसरा मार्ग बहुधा निघतो. मात्र औषध आपण होऊन बंद करू नये.

पुढचे पाऊल

या क्षेत्रात शोध थांबलेले नाहीत. कर्करोगाच्या गाठीभोवतीची जागा निरोगी भागापेक्षा किंचित आंबट असते. नेमके तिथेच औषध सोडतील अशा पॉलिमरवर जगभर काम चालू आहे. निरोगी कातडी थोडी आंबट असते आणि चिघळलेली जखम आम्लारीकडे झुकते. त्यामुळे जखम बिघडली की रंग बदलून सांगणाऱ्या पट्ट्यांवरही प्रयोग होत आहेत. हळदीच्या डागाचेच हे पुढचे रूप म्हणा ना! आपल्या वस्तीतली जी मुले-मुली बारावीला शास्त्र शाखेत आहेत, त्यांनी फक्त डॉक्टर-इंजिनिअर एवढीच दोन नावे डोक्यात ठेवू नयेत. औषधनिर्माणशास्त्र आणि पॉलिमर यांचेही अभ्यासक्रम आहेत. मुंबईत माटुंग्याला, आपल्या दादर-नायगावच्या शेजारी, रासायनिक तंत्रज्ञानाची मोठी संस्था आहे आणि तिथे हे विषय शिकवले जातात. तिथल्या बाकावर आपलीही मुले बसली पाहिजेत.

पण ज्याला आज, उद्या सुरुवात करता येईल असे काम वेगळेच आहे. गोळ्यांच्या पट्टीवरची बारीक इंग्रजी अक्षरे आपल्या आई-बापांना वाचता येत नाहीत. ती वाचणारी पोरे मात्र आता घरोघरी आहेत. रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास ठेवा. ज्येष्ठांनी आपापल्या गोळ्यांची पिशवी आणावी. शिकलेल्या मुला-मुलींनी पट्टीवरची अक्षरे वाचावीत आणि कवचाच्या गोळीवर शाईने 'अख्खी गिळा' असे मराठीत लिहून द्यावे. मुदत संपलेल्या गोळ्या बाजूला काढाव्यात. शंका येईल ती कागदावर उतरवून फार्मासिस्टला किंवा डॉक्टरला विचारावी. औषध बदलण्याचा सल्ला मात्र मुलांनी कोणाला देऊ नये. याला पैसा लागत नाही, मंडप लागत नाही, पाहुणा लागत नाही. आणि औषध दुकानात गोळी घेताना प्रत्येकाने न लाजता एवढे विचारावे : 'ही फोडून चालेल का?' विचारणे हा आपला हक्क आहे. पैसे आपण मोजतो, पोट आपले आहे.

भगवान बुद्धांनी कालाम लोकांना सांगितले की परंपरेने आले म्हणून किंवा कोणा थोराने सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानू नका; ती स्वतः तपासून पाहा. बाबासाहेबांनी त्याच वाटेने आपल्याला शिकायला लावले. शिकलेल्या मुलाच्या दाखल्याची चौकट भिंतीवर लावणे चांगलेच आहे. पण तसबिरीखालच्या फळीवरची गोळी ज्या दिवशी तो आजीला नीट वाचून दाखवील, त्या दिवशी ते शिक्षण घरात उतरले असे म्हणता येईल.

जयभीम!